गुलाबामागचे गवत

पावसाळा ओसरला की मेळघाटच्या उघड्या, मुरमाड उतारांवर एक उंच गवत तुऱ्यावर येते. माणसाच्या छातीपर्यंत, कुठे कुठे डोक्यावरून जाणारे. तुरा आधी पिवळसर हिरवा असतो, दिवस सरतील तसा तांबूस होत जातो. त्याचे पान बोटांत चुरडून नाकाशी नेले तर पहिला वास येतो तो गुलाबाचा, आणि त्याच्या पाठोपाठ थोडी तिखट, लिंबाच्या अंगाने जाणारी झाक. अमरावती-अकोल्याकडे, खाली खानदेशात आणि वर निमाडात या गवताला रोशा म्हणतात, कुठे तिखाडी. आयुर्वेदाच्या जुन्या ग्रंथांना ते रोहिष म्हणून माहीत आहे.

सुगंधाच्या जागतिक इतिहासात वऱ्हाड आणि त्याच्या शेजारच्या सातपुड्याने जी भर घातली ती या गवताची, आणि तिची नोंद फार थोड्या वऱ्हाडी माणसांपर्यंत पोचली आहे.

एकोणिसाव्या शतकात सातपुड्याच्या दोन्ही अंगांना काढलेले रोशाचे तेल मुंबईला जाई. तिथून जहाजाने तांबड्या समुद्रातल्या बंदरांत आणि पुढे कॉन्स्टँटिनोपलला. तुर्की व्यापारी त्याला इद्रिस यागी म्हणत. लिंबाच्या रसाने आंबट केलेल्या पाण्यात हे तेल घुसळायचे, मग उन्हात ठेवायचे. त्याचा रंग उतरे, उग्रपणा जाई, आणि मग ते बल्गेरियाच्या कझानलाक खोऱ्यातल्या गुलाबाच्या अत्तरात मिसळले जाई. फ्ल्युकिगर आणि हॅनबरी या औषधीशास्त्रज्ञांनी 1874 साली ही सगळी रीत ग्रंथात नोंदवून ठेवली. लंडन-पॅरिसच्या श्रीमंत घरांत जे अत्तर तुर्की गुलाब म्हणून रुमालाला लागत होते, त्यातला काही भाग असा मध्य भारताच्या डोंगरातला होता.

व्यापाराच्या भाषेत ही भेसळ. ती होतीच, कारण घेणाऱ्याला सांगितले जात नव्हते. पण फसवणूक व्यापाऱ्याची, गवताची नव्हे. रोशाने गुलाबाचे सोंग घेतले नव्हते. गुलाबाच्या वासाचा एक मुख्य घटक त्याच्या पानात निसर्गतःच भरलेला आहे. हा घटक म्हणजे जिरॅनिऑल. चांगल्या रोशा तेलात त्याचे प्रमाण साधारण 75 ते 85 टक्के असते. गुलाबाच्या तेलात ते याहून पुष्कळ कमी, तिथे सिट्रोनेलॉल आणि इतर कितीतरी घटकांची संगत असते, म्हणून गुलाब अधिक गोलसर, अधिक मऊ वाटतो. 1871 साली ऑस्कर याकोबसेन या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने हे जिरॅनिऑल प्रथम शुद्ध रूपात वेगळे केले, ते गुलाबातून नाही. भारतातून गेलेल्या सुगंधी गवताच्या तेलातून केले. पुढच्या दीडशे वर्षांत साबणापासून उंची अत्तरापर्यंत ज्या रेणूवाचून सुगंधाच्या कारखान्याचे पान हलत नाही, तो माणसाच्या हाती पहिल्यांदा लागला तो गवताच्या वाटेने.

याच्या शेजारी गुलाबाच्या अत्तराची कथा ठेवली की दोघांच्या नशिबातला फरक कळतो. जहांगीराच्या आत्मचरित्रात नूरजहानच्या आईचा, अस्मत बेगमचा, उल्लेख आहे. गुलाबपाणी काढताना गरम पाण्यावर आलेला तेलाचा तवंग तिने टिपून घेतला, आणि सलीमा सुलतान बेगमने त्याला इत्र-इ-जहांगीरी असे नाव दिले. वऱ्हाड 1596 मध्ये मुघल साम्राज्यात गेले, म्हणजे त्या काळी एलिचपूर, आजचे अचलपूर, हेही त्याच सत्तेखाली होते. गुलाबाला बादशहाचे नाव मिळाले. रोशाला राजाश्रय मिळाला नाही, त्याची भट्टी नाल्याकाठीच राहिली.

ही भट्टी नीट पाहण्यासारखी असे. वाहत्या नाल्याच्या काठी दगडांची चूल, तिच्यावर लोखंडाची किंवा तांब्याची मोठी कढई. गवत तुऱ्यासकट कापून आणायचे, कढईत पायाने दाबून दाबून भरायचे, पाणी घालायचे आणि झाकणाच्या कडा चिखलाने नाहीतर उडदाच्या पिठाने लिंपून बंद करायच्या. झाकणातून निघालेली बांबूची नळी जाते ती नाल्याच्या थंड पाण्यात बुडवलेल्या भांड्यात. खाली जाळ, वर वाफ, आणि नाल्याचे पाणी तिला गार करणारे. काही तासांनी भांड्यात खाली पाणी आणि वर तेलाचा फिकट पिवळा थर. तो चमच्याने किंवा वाटीने अलगद काढून घ्यायचा. ताज्या गवताच्या वजनाच्या जेमतेम अर्धा टक्का तेल निघते. गुलाबाच्या मानाने ही चंगळच, कारण एक किलो गुलाबतेलासाठी तीन ते पाच टन पाकळ्या लागतात. इंधन जंगलातले, पाणी नाल्याचे, आणि हंगाम मोजका: तुरा येण्यापासून बी धरेपर्यंतचा. उशीर झाला की वास उतरतो.

त्यातही पारख लागे. दिसायला जवळजवळ सारखे दोन प्रकार शेजारी शेजारी उगवतात, मोतिया आणि सोफिया. मोतिया कोरड्या, उन्हाच्या उतारावर; सोफिया ओलसर, सखल जागी. गुलाबाच्या वासाचे खरे तेल मोतियाचे. सोफियाचे तेल आल्याच्या वळणाचे आणि बाजारात हलके. लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानात काम करणाऱ्या ऑटो श्टाफ यांनी 1906 साली भारत-श्रीलंकेच्या तैलगवतांवर सविस्तर लिहिले, पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ बर्किल यांनी या दोन प्रकारांचा अभ्यास केला. भट्टीवरच्या माणसाला मात्र हा भेद वास घेऊनच कळत होता, आणि हे ज्ञान कोणत्याही प्रयोगशाळेइतकेच खरे मानले पाहिजे.

अत्तराच्या दुसऱ्या टोकाला अमरावतीचा इतवारा आहे, अकोल्यात मोर्णेकाठचे जुने शहर आहे. रमजानच्या दिवसांत अशा पेठांतून अत्तराच्या लाकडी पेट्या उघडतात. नक्षीच्या काचेच्या बाटल्या, प्रत्येकीच्या बुचाला आत उतरणारी काचेची कांडी. विक्रेता ती कांडी गिऱ्हाइकाच्या मनगटामागे अलगद फिरवतो आणि लगेच वास घेऊ देत नाही, थोडे थांबा म्हणतो. हिना थंडीसाठी, खस उन्हाळ्यासाठी, गुलाब बारमाही. माप अजूनही तोळ्याचे. घेतलेले अत्तर कापसाच्या लहानशा फायावर घ्यायचे आणि तो फाया कानाच्या वळणात खोचायचा. ज्या मुलखात पऱ्हाटी हे एक मुख्य पीक, तिथे हा फाया फार जवळचा वाटतो. वऱ्हाडचा कापूस आणि रोशाचे तेल, दोन्ही माल मुंबईच्याच बंदरातून परदेशी गेले. घरी राहिले ते एवढेच, कानाच्या वळणात एकत्र.

हिंदू लग्नांतही अत्तराची हीच जागा होती. मांडवाच्या दारात गुलाबदाणीने पाणी शिंपडायचे, येणाऱ्याच्या हाताच्या पंजाच्या मागे अत्तराचे बोट ओढायचे, मग पानसुपारी. पन्नाशी ओलांडलेल्या कोणत्याही वऱ्हाडी माणसाला तो वास आज दिला तर तो अत्तराचे नाव सांगणार नाही. कोणाचे लग्न, कोणते गाव, जेवणाच्या पंगतीला कोण शेजारी होते, हे सांगेल.

याला शरीराचे कारण आहे. बाकीच्या संवेदना मेंदूत थॅलॅमस नावाच्या चौकीवरून पुढे जातात. वासाचा संदेश मात्र ती चौकी टाळून भावना आणि स्मृती सांभाळणाऱ्या भागांशी जवळजवळ थेट जोडलेला आहे. वासाचे ग्राहक शोधून काढणाऱ्या लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांना 2004 चा नोबेल मिळाला, आणि माणसाच्या नाकात असे सुमारे चारशे प्रकारचे ग्राहक काम करतात हे आता कळले आहे. पण नाक लवकर थकते. रोजचा वास काही मिनिटांत जाणवेनासा होतो. म्हणूनच जुने सुगंध टिकले ते अधूनमधून येणारे. दिवाळीच्या पहाटे उटण्याचा आणि मोती साबणाचा वास महाराष्ट्राला आजही हलवतो, कारण तो बहुतेक घरांत वर्षातून एकदाच दरवळतो. लग्नाचे गुलाब, ईदची हिना, तसेच. ज्या सुगंधाला ठरलेला दिवस आहे, त्याला पिढ्या ओलांडायला जाहिरात लागत नाही.

पॅरिसच्या अभिजात अत्तरांची कहाणी इथे उलटी जाते. गेर्लांचे मित्सुको 1919 चे, शॅनेल नंबर फाइव्ह 1921 चे, शालिमार 1925 चे. शेवटच्याचे नाव तर मुघलांच्या बागेवरून घेतलेले. ही अत्तरे बाटलीवर, कृतीवर आणि कंपनीवर उभी आहेत. त्वचेला त्रास देणाऱ्या घटकांवर निर्बंध आले, मित्सुकोतला ओकमॉस कमी करावा लागला, तसे जुन्या बाटल्यांच्या शोधात फिरणारे रसिक तयार झाले. त्यांचे दुःख खरे आहे. कृती बदलली की त्यांचा सुगंध खरोखरच गेला. रोशाचे तसे होत नाही. कमी पाऊस झाला तर तेल वेगळे, डोंगराच्या या अंगाचे आणि त्या अंगाचे वेगळे, आणि तरी तो रोशाच. त्याची कृती कोणाच्या तिजोरीत नाही. ती मुरूम, ऊन आणि पावसाच्या हाती आहे. लेखणी हाती असणाऱ्याने निवड करायचीच झाली तर या दुसऱ्या प्रकारच्या टिकाऊपणाला अधिक मान द्यावा, कारण तो मालकी हक्कावर अवलंबून नाही.

जिरॅनिऑलबद्दल आणखी एक गोष्ट इथे सांगितलीच पाहिजे. घराकडची वाट चुकू नये म्हणून कामकरी मधमाशी पोट उंचावून पोटाच्या टोकाजवळच्या ग्रंथीतून एक गंध सोडते, आणि बहिणी त्या गंधावर परत येतात. त्या गंधात जिरॅनिऑल असते. गुलाब, गवत आणि मधमाशी यांच्यात वाटली गेलेली ही एकच गोष्ट माणसालाही इतकी हवीशी का वाटावी, याचे नवल संपत नाही.

विसाव्या शतकात टर्पेंटाइनपासून कारखान्यात जिरॅनिऑल बनू लागले आणि नाल्याकाठच्या भट्ट्यांची सद्दी संपत गेली. 1974 मध्ये मेळघाटला व्याघ्र प्रकल्पाचे संरक्षण आले. जंगलासाठी ते गरजेचेच होते. रोशाची लागवड मात्र शेतात सुरू झाली. लखनौच्या सीमॅप संस्थेने तृष्णा, तृप्ता, वैष्णवी असे वाण दिले. हलकी, कमी पाण्याची जमीन त्याला चालते, एकदा लावले की काही वर्षे कापणी घेता येते. अकोल्यात डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचे नागार्जुन वनौषधी उद्यान आहे, औषधी आणि सुगंधी वनस्पतींचे काम तिथे चालते. म्हणजे ज्ञान दारात आहे. अडते ते विक्रीपाशी. पिंपात भरलेले तेल मोठ्या शहरात गेले की ते केवळ तेल होते, त्याचे गाव पुसले जाते. कॉन्स्टँटिनोपलच्या काळी झाले तेच.

यावर उपाय मेळघाटच्या पायथ्याशीच करून दाखवलेला आहे, दुसऱ्या एका वनोपजात. अचलपूर तालुक्यातल्या पायविहीर गावाला वन हक्क कायद्याखाली 2012 साली सामूहिक हक्क मिळाले. उजाड टेकडी गावाने राखली, आणि तिथली सीताफळे नॅचरल्स मेळघाट या स्वतःच्या नावाने शहरांत विकली. वन हक्क कायदा 2006 चा; गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा आणि विकण्याचा हक्क त्याने गावाला दिला आहे, आणि गवत हे गौण वनोपजच आहे. सीताफळ चार दिवसांत नासते, तरी गावाने त्याला नाव मिळवून दिले. बंद बाटलीत, अंधाऱ्या जागी ठेवलेले रोशाचे तेल वर्षानुवर्षे टिकते. लहानशी स्टीलची भट्टी, पाच-दहा मिलीलिटरच्या बाटल्या आणि चिठ्ठीवर डोंगराचे, गावाचे आणि कापणीच्या महिन्याचे नाव, एवढ्यावर ग्रामसभेला सुरुवात करता येईल. अमरावती-अकोल्याच्या पेठांतल्या अत्तराच्या पेटीत गुलाब, हिना आणि खस यांच्या रांगेत एक बाटली मावण्याइतकी जागा आहे.