पडलेला माणूस आणि आपली जीभ

बिस्मिल्लाहिर्रहमानिर्रहीम.



साथीचा रोग येतो तेव्हा माणसाची दुहेरी परीक्षा होते. एक परीक्षा देहाची असते आणि दुसरी जिभेची. देहाच्या परीक्षेत दवा, डॉक्टर आणि शेजारी मदतीला येतात. जिभेच्या परीक्षेत मात्र प्रत्येक जण एकटा असतो आणि तिचा निकाल आखिरतीत, अल्लाहसमोर लागायचा असतो. २०२० च्या टाळेबंदीतील पहिली परीक्षा आपण विसरलेलो नाही. घरोघरी गेलेल्या माणसांच्या आठवणी आहेत. दुसऱ्या परीक्षेचे मात्र आपण नावही काढत नाही. आज तिच्याविषयी बोलू या.

प्रसंग आपल्याच जिल्ह्यातला आहे. ८ मे २०२० चा तो शुक्रवार, रमजानचा चौदावा रोजा. मशिदींची दारे बंद होती आणि आपण घरातच नमाज अदा करीत होतो. त्या पहाटे जालना मार्गावरील करमाडजवळ रेल्वेच्या रुळांवर झोपलेल्या मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. वीस जणांच्या जथ्यातील सोळा जण मरण पावले. रुळांपासून थोडे दूर पडलेले तेवढे वाचले. जालन्याच्या एका पोलाद कारखान्यात काम करणारी ही माणसे मध्य प्रदेशातील शहडोल आणि उमरिया या जिल्ह्यांची होती. भुसावळला पोहोचलो तर गावाकडे जाणारी गाडी मिळेल, या आशेवर ती पायी निघाली होती. प्रवासी गाड्या बंद आहेत, म्हणजे रुळांवर काहीच येणार नाही, असे समजून थकलेल्या देहांनी तिथेच पाठ टेकली. सकाळी रुळांवर विखुरलेल्या भाकऱ्यांचे छायाचित्र देशभर गेले.

त्या छायाचित्रामागोमाग एक प्रश्नही देशभर फिरला: रुळांवर कोणी झोपते का? चहाच्या घोटाबरोबर, मोबाईलवरील संदेशांतून, घराघरांतून तो विचारला गेला. आठवडाभरात सर्वोच्च न्यायालयातील एका सुनावणीतही तो उमटला. प्रश्न वरकरणी शहाणपणाचा वाटतो. पण ज्याला उत्तर हवे असते तो पुढे आणखी विचारतो. ही माणसे किती तास चालली होती? रस्ता सोडून रुळांवर का आली? बचावलेल्यांनी सांगितले, की गावी जाण्याच्या परवान्यासाठी त्यांनी आधीच अर्ज केला होता आणि उत्तराची वाट पाहून ते निघाले होते. हे ऐकायला किती जण थांबले? बहुतेकांचा प्रश्न हा प्रश्न नव्हताच. तो निवाडा होता आणि मृतांना उत्तर देण्याची सोयही नव्हती.

आता प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळातील एक प्रसंग पाहा. हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितलेली ही हदीस अबू दाऊदच्या संग्रहात आहे. काही सहाबी प्रवासात होते. त्यांच्यातील एकाच्या डोक्याला दगड लागून मोठी जखम झाली. नंतर त्याला गुस्लची गरज पडली. त्याने सोबत्यांना विचारले, की मला तयम्मुमची, म्हणजे पाण्याऐवजी स्वच्छ मातीने शुद्ध होण्याची सवलत आहे का? सोबत्यांनी सांगितले, की पाणी उपलब्ध असताना तुला सवलत असल्याचे आम्हांला दिसत नाही. त्याने अंघोळ केली आणि तो मरण पावला. ही हकिकत कानी आली तेव्हा प्रेषित (स.) अत्यंत संतापले. या लोकांनीच त्याला मारले, असे त्यांनी म्हटले. ठाऊक नव्हते तर विचारले का नाही, अज्ञानावर इलाज विचारणे हाच आहे, अशी समज दिली.

या हदीसवर थोडे थांबा. निर्णय देणारे लोक वाईट नव्हते. ते धर्मपरायण होते, जखमी माणसाचे मित्र होते. पाणी असताना तयम्मुम नाही, हा सर्वसाधारण नियमही त्यांनी बरोबरच सांगितला होता. त्यांना नियम ठाऊक होता. समोरच्या माणसाची जखम किती खोल आहे हे ठाऊक नव्हते. एवढ्या एका उणिवेने त्यांच्या तोंडचा नियम प्राणघातक ठरला. करमाडच्या मजुरांविषयी बोलणाऱ्यांनाही नियम ठाऊक होता. रुळांवर झोपू नये हे शाळकरी मुलालाही कळते. रात्रभर चाललेल्या पायांना काय वाटते, एवढेच आपल्याला ठाऊक नव्हते.

बाहेरून दिसणारे कृत्य एकच असले तरी त्यामागची माणसे किती वेगळी असतात, याचे एक उदाहरण सायकलचे घेऊ. दौलताबादच्या घाटाकडे किंवा गोगाबाबा टेकडीच्या उतारांवर पहाटे सायकली घेऊन जाणारे तरुण आपल्या शहराला नवे नाहीत. समजा, टाळेबंदीत असा एक तरुण केवळ हौसेखातर उतारावर गेला आणि पडून पाय मोडून घेतला. रुग्णालयातील खाटा साथीच्या रुग्णांसाठी अपुऱ्या असताना त्याने एक खाट अडवली. त्याचे चुकले का? होय, चुकले. स्पेनने त्या वसंतात हौसेच्या सायकलिंगवर बंदी घातली होती. अशा बंदीमागे गर्दी टाळण्याबरोबरच अपघाती जखमींचा भार रुग्णालयांवर पडू नये, हाही विचार होता. स्वतःलाही इजा नको आणि दुसऱ्यालाही नको, हे प्रेषितांनी (स.) घालून दिलेले सूत्र आहे. स्वतःच्या हाताने स्वतःला विनाशात लोटू नका, अशी ताकीद कुरआनच्या सूरह अल-बकरहमध्ये (आयत १९५) आहे.

पण त्याच दिवसांत दुसऱ्या सायकलीही रस्त्यावर होत्या. करमाडची दुर्घटना घडली त्याच सुमारास लखनौत एक मजूर दांपत्य सायकलवर दोन लहान मुलांना घेऊन छत्तीसगडमधील आपल्या गावी निघाले होते. वाहनाच्या धडकेत आई-वडील मरण पावले, मुले वाचली. दुरून पाहणाऱ्याला दोन्हीकडे काय दिसते? टाळेबंदीत सायकलवर निघालेला माणूस. डोळ्यांना सायकल दिसते, नियत दिसत नाही. आणि कर्मांचा आधार तर नियतीवर आहे, हे आपल्या मुलांना मकतबातच शिकवले जाते.

हजरत उसामा बिन जैद (रजि.) यांचा प्रसंग आपण ऐकला असेल. युद्धात समोरच्या माणसाने कलमा उच्चारला, तरी तो शस्त्राच्या भीतीने बोलतो आहे असे समजून त्यांनी त्याला ठार केले. प्रेषितांनी (स.) त्यांना विचारले, की तू त्याचे हृदय चिरून पाहिले होतेस का? उसामा (रजि.) हे प्रेषितांचे (स.) अत्यंत लाडके होते, तरी हा प्रश्न त्यांना चुकला नाही. मग अनोळखी माणसाच्या अपघाताचे छायाचित्र पाहून त्याच्या हृदयाचा पंचनामा करणाऱ्या आपल्याला तो कसा चुकेल?

कुरआनच्या सूरह अल-हुजुरातमध्ये या रोगाचे निदान आणि औषध दोन्ही आहे. सहाव्या आयतीत आदेश आहे, की बातमी आली तर तिची छाननी करा, नाहीतर अजाणतेपणी लोकांना इजा पोहोचवाल आणि मग पस्तावाल. बाराव्या आयतीत संशय, दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा मागोवा आणि पाठीमागे निंदा यांना एकापाठोपाठ एक मनाई आहे. क्रम पाहा: मनात संशय येतो, मग माणूस खोदत बसतो, मग चघळत बसतो. सूरह अन-नूरच्या पंधराव्या आयतीत अल्लाहने असे बोलणे जिभेवरून जिभेवर जाते, माणसाला ते हलके वाटते, पण अल्लाहच्या दरबारी ते मोठे असते, असे बजावले आहे. व्हॉट्सॲपवर बोटाच्या एका स्पर्शाने पुढे धाडलेला संदेश याहून हलका काय असणार? आणि हिशेबाच्या दिवशी याहून जड काय ठरणार?

बंधू-भगिनींनो, जनतेच्या उतावळ्या निवाड्याचा दाह आपल्याइतका कोणाला ठाऊक आहे? त्याच वर्षी मार्चमध्ये दिल्लीच्या निजामुद्दीन मरकजची बातमी आली आणि एका रोगाला आपल्या समाजाचे नाव चिकटवले गेले. भाजीवाल्याला त्याचे नाव विचारले जाऊ लागले. तब्लीगसाठी आलेल्या परदेशी पाहुण्यांवर अहमदनगर जिल्ह्यात गुन्हे नोंदवले गेले. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या आपल्याच शहरातील खंडपीठाने २९ परदेशी नागरिकांवरील ते गुन्हे रद्द केले. संकटकाळात सत्तेला कोणाच्या तरी माथी दोष मारावासा वाटतो आणि या पाहुण्यांची त्यासाठी निवड झाली असावी, अशा अर्थाचे मत निकालपत्रात नोंदवले गेले. जनतेने काही दिवसांत दिलेला निकाल कागदपत्रे तपासून मोडायला न्यायालयाला काही महिने लागले. ज्यांनी त्या काळात शिव्या दिल्या, त्यांतले किती जण माफी मागायला आले?

तो निकाल वाचून आपण अल्लाहचे आभार मानले, ते योग्यच होते. परंतु त्या दिलाशाने आपल्यावर एक जबाबदारीही टाकली. ज्याची पाठ सोलली गेली आहे, त्याने दुसऱ्याच्या पाठीवर कोरडा उगारू नये. आपल्याच मोहल्ल्यांत रुग्णवाहिका दारात उभी राहिली की शेजारची खिडकी बंद होत असे. ते लग्नाला गेले होते, म्हणूनच झाले, असे कुजबुजले जाई. मरकजचे पाहुणे निर्दोष ठरले म्हणून आनंद मानायचा आणि शेजारच्या घरावर मात्र पुराव्याविना दोष ठेवायचा, ही दोन मापे आहेत. मापात मारणाऱ्यांविषयी कुरआनात एक स्वतंत्र सूरह आहे, हे विसरू नका.

येथे कोणी विचारील, मग चुकीला चूक म्हणायचेच नाही का? भल्याचा आदेश आणि बुऱ्याला प्रतिबंध हे तर मोमिनचे कर्तव्य आहे. प्रश्न रास्त आहे. साथीच्या काळात नियम पाळणे हा दीनचाच भाग आहे. साथ असलेल्या प्रदेशात जाऊ नका आणि तुम्ही जेथे असाल तेथे साथ आली तर पळून जाऊ नका, ही प्रेषितांची (स.) शिकवण प्रसिद्ध आहे. हजरत उमर (रजि.) शामच्या वाटेवर सर्ग येथे पोहोचले, तेव्हा साथीची बातमी ऐकून त्यांनी परतण्याचा निर्णय घेतला. हजरत अबू उबैदा (रजि.) यांना तो पटला नाही. अल्लाहने ठरविलेल्या नशिबापासून पळता काय, असे त्यांनी थेट तोंडावर विचारले. आपण अल्लाहच्या एका निर्णयाकडून त्याच्याच दुसऱ्या निर्णयाकडे जात आहोत, असे उमर (रजि.) यांनी उत्तर दिले. पुढे उमर (रजि.) मदीनेला परतले, अबू उबैदा (रजि.) आपल्या लोकांत राहिले आणि अमवासच्या साथीत त्यांचा अंत झाला. मतभेद झाला, तोही समोरासमोर. परतणाऱ्याला कोणी भित्रा म्हटले नाही आणि मरण पावलेल्याला कोणी अविचारी म्हटले नाही.

नसीहत आणि निंदा यांतील अंतर येथे स्पष्ट होते. नसीहत पडण्यापूर्वी केली जाते, निंदा पडल्यानंतर. मुलगा सायकल बाहेर काढतो आहे, तेव्हाच त्याला प्रेमाने अडवा. ते पुण्याचे काम आहे. मोमिन हा मोमिनचा आरसा आहे, अशी हदीस आहे. आरसा चेहऱ्यावरचा डाग ज्याचा त्याला दाखवतो, बाजारात सांगत फिरत नाही. पडल्यावर मात्र त्या माणसाचा हक्क बदलतो. आता तो उचलला जाण्याचा हक्कदार आहे. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही आपली म्हण आहे. मागच्याने शहाणे व्हावे एवढेच ती सांगते, पुढच्याला हसावे असे सांगत नाही. दुसऱ्याच्या संकटावर आनंद दाखवू नका, नाहीतर अल्लाह त्याच्यावर दया करील आणि तुम्हांला त्या संकटात टाकील, अशा आशयाची हदीस तिर्मिजीमध्ये आहे. कायदा मोडल्याचा दंड ठोठावणे हे शासनाचे काम आहे, दोषी ठरवणे न्यायाधीशाचे. रस्त्यावर रक्त वाहत असताना आपल्यावर सोपवलेले काम एकच आहे.

म्हणून पुढील गोष्टी आपल्या घरात नियम म्हणून ठेवा.

कोणी अपघातात सापडल्याचे कळताच पहिला प्रश्न “कसा आहे?” हा असू द्या. “तिकडे गेलाच कशाला?” हा प्रश्न मुलांनी आपल्या तोंडून प्रथम ऐकू नये.

जखमीला उचलताना पोलिसांच्या चौकशीची भीती बाळगू नका. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने अपघातग्रस्ताला सद्भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे. आणि एक जीव वाचवणे म्हणजे जणू समस्त मानवजातीला वाचवणे होय, हे सूरह अल-माइदहचे (आयत ३२) वचन तर कायद्याहून जुने आहे.

अपघाताचे छायाचित्र पुढे धाडू नका. त्या देहाला आई आहे.

मरण पावलेला आपल्या धर्माचा नसला तरी आदरात कमतरता नको. एका यहुदी माणसाची अंत्ययात्रा जाताना प्रेषित (स.) उभे राहिले. तो तर यहुदी होता, असे सांगण्यात आले, तेव्हा तो एक जीव नव्हता का, असे त्यांनी विचारले. शहडोल आणि उमरियाची ती माणसे आपल्या जिल्ह्याच्या मातीवर शेवटची झोपली. एका अर्थी ती आपली पाहुणी होती आणि पाहुण्याच्या मृत्यूवर यजमान वाद घालत नाही.

आणि शेवटची गोष्ट. ज्यांच्याविषयी त्या काळात आपण पुराव्याविना बोललो असू, ते शेजारी असतील तर त्यांच्या दारी जा आणि माफी मागा. त्यांचा पत्ता नसेल तर त्यांच्यासाठी दुआ करा. अल्लाहचा हक्क तौबाने माफ होतो. माणसाचा हक्क त्या माणसाकडूनच सोडवून घ्यावा लागतो.

हे अल्लाह, आमच्या जिभांना निवाड्यापूर्वी विचारण्याची सवय लाव. आमच्या हातांना बोट दाखवण्यापूर्वी आधार देण्याची बुद्धी दे. साथीत आणि वाटेवर जे गेले, त्यांच्या मागे राहिलेल्यांना सांभाळ. आणि ज्या दिवशी आम्ही स्वतः पडू, त्या दिवशी आम्हांला उचलणारी माणसे दे. आमीन.