सही करताना आपण काय देऊन टाकतो?

काही महिन्यांपूर्वी न्यूयॉर्कमधल्या एका मैत्रिणीचा रात्री उशिरा फोन आला. घटस्फोटाच्या कराराचा मसुदा तिच्या हातात होता. घर विकून पैसे निम्मे निम्मे, मुलीचा ताबा दोघांकडे, आणि शेवटच्या पानावर एक कलम: दोघंही एकमेकांकडे पोटगी कधीही मागणार नाहीत. "सही करून मोकळी होते गं," ती म्हणाली, "त्याचा एक पैसा नको मला." नाशिकहून तिच्या आईचंही तेच म्हणणं होतं. मागून घेण्यात कसला आलाय मान?

मी वकील नाही. माझं संशोधन अगदी वेगळ्या विषयात आहे. पण तो फोन डोक्यातून जाईना, म्हणून न्यायालयांचे निकाल वाचत बसले. वाचता वाचता लक्षात आलं, की कायद्याच्या भाषेत मांडलेला हा प्रश्न तुमच्या-माझ्या रोजच्या नीतीचाच आहे. परिस्थिती पार बदलली, तर दिलेला शब्द आपल्याला कुठवर बांधतो?

न्यूयॉर्कच्याच एका जोडप्याचं उदाहरण घ्या. तीसेक वर्षांचा संसार संपवताना २००६ साली त्यांनी करार केला. संपत्ती साधारण समान वाटून घ्यायची ठरली. पतीने पत्नीला ६२ लाख ५० हजार डॉलर रोख दिले आणि इतर गोष्टींबरोबर बर्नी मेडॉफकडे गुंतवलेलं खातं स्वतःकडे ठेवलं. तेव्हा त्याची किंमत ५४ लाख डॉलर धरली होती. डिसेंबर २००८ मध्ये मेडॉफचा घोटाळा उघडकीस आला. पती कोर्टात गेला. म्हणाला, ते खातं मुळात खरं नव्हतंच. आम्हा दोघांचीही चूक झाली. वाटणी पुन्हा करा.

२०१२ साली राज्याच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने त्याचा दावा फेटाळला. करार झाला त्या दिवशी त्या खात्यातून पैसे काढता येत होते. पत्नीला द्यायच्या रकमेतला काही भाग त्याने तिथूनच काढला होता. पुढे किंमत बुडाली हे दुर्दैव, पण म्हणून झालेली वाटणी उलटत नाही.

पहिल्या वाचनात मला हे निर्दय वाटलं. मग बाजू उलटून पाहिली. तेच खातं दुप्पट झालं असतं, तर तो वाढीव पैसा तिच्या दारात घेऊन आला असता का? आपल्याकडे जुना शब्द आहे काडीमोड. काडी एकदा मोडली की मोडली. शेअर बाजार पडला की पूर्वीच्या नवऱ्याची नोटीस येणार असेल, तर वेगळं होऊनही सुटका नाही. व्यवहार कधीतरी संपतो ही खात्री दोघांनाही हवी असते, आणि करार तीच देतो.

आता लंडनला या. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ साली एका सॉफ्टवेअर कंपनीच्या मालकाचा खटला निकालात काढला. कंपनीचे शेअर बाजारात आणायचा विचार नाही, असं त्याने शपथेवर सांगितलं होतं. त्यावर विसंबून कंपनीची किंमत ठरली आणि पत्नीने तडजोड मान्य केली. प्रत्यक्षात शेअर विक्रीची तयारी आधीच चालू होती. गंमत अशी, की ती विक्री पुढे लगेच झालीही नाही, म्हणजे पत्नीचं नेमकं किती नुकसान झालं हे सांगणं कठीण होतं. तरीही न्यायालयाने तडजोडीवरचा आदेश रद्द केला. फसवलं गेलेल्या माणसाने नुकसान सिद्ध करायचं नाही; खोटं बोलण्याने काहीच फरक पडला नसता, हे खोटं बोलणाऱ्याने दाखवायचं.

दोन्ही निकाल शेजारी ठेवा. पहिल्यात लाखो डॉलर बुडाले आणि करार टिकला. दुसऱ्यात तोट्याचा आकडाही नक्की नव्हता आणि करार मोडला. न्यायालयाने तोट्याचा आकार पाहिला नाही. शब्द घेताना समोरच्याला खरं सांगितलं होतं का, हे पाहिलं. मला यात साधं शहाणपण दिसतं. नशीब शब्द मोडत नाही, लबाडी मोडते.

पण मैत्रिणीच्या करारात लबाडी नव्हती. तिचं कलम तिसऱ्याच प्रकारचं होतं.

कर्नाटकातून भारताच्या सर्वोच्च न्यायालयात गेलेल्या एका खटल्याचा निकाल २०१३ साली लागला. विभक्त राहणाऱ्या पत्नीने ८,००० रुपये एकरकमी घेऊन पुढे कधीही पोटगी मागणार नाही, असं कोर्टातल्या तडजोडीत मान्य केलं होतं. बऱ्याच वर्षांनी तिने दरमहा पोटगी मागितली. पतीने तिच्या सहीकडे बोट दाखवलं. न्यायालय म्हणालं, असं कलम सार्वजनिक हिताच्या विरुद्ध आहे, ते तिची वाट अडवू शकत नाही.

यावर आक्षेप आहे, आणि तो मी हलका मानत नाही. सज्ञान बाईची सही तिलाच बांधत नसेल, तर तिच्या शब्दाला किंमत काय? तिला लहान मूल ठरवल्यासारखं झालं ना? शिवाय समोरचा माणूस मोकळा कधी होणार?

तरी माझा कौल त्या निकालाकडे झुकतो. पोटगी या शब्दातच पोट आहे. घर, दागिने, खातं ही सहीच्या दिवशी डोळ्यांसमोर असतात. त्यांचं काय करायचं ते आपण ठरवू शकतो. वीस वर्षांनंतरची भूक समोर नसते. तेव्हा आजारी असणारी, नोकरी गेलेली बाई आपणच असू, पण आज ती आपल्याला परकीच असते. तिच्या वतीने "कधीही" म्हणण्याचा अधिकार एका दमलेल्या रात्री आपल्याकडे असतो का?

मुलांच्या बाबतीत तर न्यायालयांनी हे केव्हाच ओळखलं आहे. न्यूयॉर्कमध्ये मूल २१ वर्षांचं होईपर्यंत त्याचा खर्च हा मुलाचा हक्क असतो. आईबापांनी आपसांत काहीही लिहिलं तरी तो सोडून देता येत नाही. जे आपलं नाही ते देऊन टाकता येत नाही.

मात्र तिथे जोडीदाराच्या पोटगीबद्दल कायदा भारतापेक्षा कडक आहे. एखाद्याला सरकारी मदतीवर जगावं लागेल असा करार तो मानत नाही, पण एरवी समजून-उमजून सोडलेला हक्क सहसा परत मिळत नाही. म्हणूनच, तुमच्यापैकी कुणाच्या टेबलावर आज असा मसुदा पडला असेल, तर नंतर कुठलं तरी कोर्ट सावरून घेईल या भरवशावर सही करू नका. प्रत्येक कलमापाशी थांबून विचारा, हे माझं, आजचं आहे का?

मैत्रिणीने घर, पैसे, सगळं तसंच ठेवलं. फक्त "कधीही" खोडायला लावलं, आणि नर्सिंगचा कोर्स पूर्ण होईपर्यंत तीन वर्षांची पोटगी मागितली. नवरा फारसा वाद न घालता हो म्हणाला. आईला तिने अजून सांगितलेलं नाही.