पावणेअकराची नळी

संगमनेर तालुक्याच्या पठारावर पाऊस कमी आणि दगड जास्त. प्रवरेचं पाणी ओझरच्या बंधाऱ्यातून कालव्यांत शिरतं आणि लोणी-श्रीरामपूरकडचा ऊस पोसत जातं. पठारावर ते चढत नाही. अशाच एका गावात १९८४ च्या हिवाळ्यात आमच्या कॉलेजचं राष्ट्रीय सेवा योजनेचं शिबिर होतं. दहा दिवस आम्ही मारुतीच्या देवळात मुक्कामाला होतो. सकाळी बांधबंदिस्ती आणि दुपारी घरोघर माहिती गोळा करणं, असा कार्यक्रम होता. बरोबर अर्थशास्त्राचे सर होते. ग्रामीण कर्जबाजारीपणावर त्यांनी पुण्यात पीएच.डी. केली होती, आणि पुण्यातच नोकरी मिळत असताना ती सोडून ते तालुक्याच्या कॉलेजात आले होते.

गावात म्हशी बऱ्याच होत्या, पण बहुतेकांच्या गळ्यात व्यापाऱ्याची उचल होती. म्हैस घ्यायला तो पैसे द्यायचा, मग तिचं दूध त्यालाच घालायचं. माप त्याचं, भाव त्याचा आणि वहीही त्याचीच. व्याजाचं नावही कुणी घेत नसे, कारण ते मापातूनच वसूल व्हायचं. सरांनी एका रात्री कंदिलाच्या उजेडात एका घराचा हिशोब मांडला. त्या घरच्या आक्कांनी चार वर्षांत म्हशीची किंमत दोनदा फेडली होती आणि उचल होती तेवढीच होती. आक्का बराच वेळ कागदाकडे पाहत राहिल्या. वाचता येत नव्हतं, पण आकडे कळत होते. म्हणाल्या, "सर, हे आम्हाला ठाऊक होतं. मांडून कुणी दाखवलं नव्हतं."

वर्षभरात गावात दूध संस्था उभी राहिली. त्या काळात गुजरातेतल्या आणंदचा नमुना देशभर पोचला होता. गावची संस्था सकाळ-संध्याकाळ दूध घेते, प्रत्येकाची फॅट काढते, त्यावर भाव ठरतो आणि ठरल्या दिवशी पैसे मिळतात. आमच्याकडे त्या पैशांना 'दुधाचा पगार' म्हणतात. नोकरीशिवाय पगार, ही कल्पनाच लोकांना फार आवडली होती. सरांनी पोटनियम लिहिले, नोंदणीसाठी नगरला खेटे घातले, तालुका दूध संघाशी बोलणी केली, बँकेच्या दारात बसून म्हशींसाठी कर्जं मिळवून दिली. खतावणीही त्यांच्याच हातची, देखण्या अक्षरातली. तात्या नावाला चेअरमन होते. संचालकांच्या सभेत काही निघालं की ते म्हणायचे, "रविवारी सर येणारेत, त्यांना विचारू."

नऊ वर्षं सरांनी एकही रविवार चुकवला नाही. या संस्थेवर त्यांचा लेख एका मोठ्या नियतकालिकात आला, दिल्लीच्या परिषदेत तो वाचला गेला आणि त्यावरून १९९३ साली एका परदेशी विद्यापीठानं त्यांना वर्षभरासाठी बोलावलं. त्यांना निरोप द्यायला गावातून दोन जीप भरून माणसं आली होती. बायकांनी ओवाळलं. आक्कांनी विमानात खायला म्हणून दशम्या बांधून दिल्या.

पुढे जे झालं ते समजायला फॅट कशी काढतात ते ठाऊक हवं. काचेच्या एका खास नळीत दहा मिली ॲसिड घालायचं, त्यावर पावणेअकरा मिली दूध सोडायचं, मग एक मिली अल्कोहोल. बूच लावून नळी यंत्रात गरगर फिरवायची. ॲसिड बाकी सगळं विरघळवतं, चरबी वर येते आणि नळीवरच्या आकड्यांवर ती वाचायची. नळीवरचे आकडे पावणेअकरा मिली दूध धरूनच आखलेले असतात. म्हणून दूध मोजायची पिपेटही पावणेअकराचीच लागते. ही गोष्ट सरांना ठाऊक होती. फॅट काढणाऱ्या पोराला त्यांनी पिपेट कशी धरायची, रेघेपाशी बोट कसं दाबायचं, सगळं शिकवलं होतं. पावणेअकराच का, हे सांगायचं राहून गेलं होतं. कुणी विचारलंही नव्हतं.

सरांना जाऊन चार महिने झाले आणि ती पिपेट फुटली. पोरगं कामाचं होतं. त्यानं त्याच दिवशी हायस्कूलच्या प्रयोगशाळेतून दुसरी मागून आणली. ती दहा मिलीची होती. दुसऱ्या दिवसापासून साऱ्या गावाच्या म्हशींची फॅट उतरली. साडेसहाची सहा झाली. लोकांनी आधी पेंडीला दोष दिला, मग चाऱ्याला. महिन्याभरानं तालुका संघाची पावती कुणीतरी वाचली. संघात त्याच दुधाची फॅट साडेसहा लागत होती. संघ साडेसहाचे पैसे देतो, आम्हाला सहाचे मिळतात, तर मधलं अर्धं कुणी खाल्लं?

बोट आधी पोराकडे गेलं, मग तात्यांकडे. गावात भावकीचे दोन तट होतेच, ते नऊ वर्षं झोपलेले होते. संचालकांनी सभा घेतली आणि ठरवलं काय, तर सरांना पत्र लिहायचं. पत्र जायला तीन आठवडे आणि उत्तर यायला तीन. दूध उन्हाळ्यात तीन तासही थांबत नाही. उत्तर आलं तोवर निम्मी घरं व्यापाऱ्याकडे परत गेली होती. तोही जुना जाणता, नवी उचल घेऊन दारातच उभा होता. पोराला कुणीतरी चारचौघांत थोबाडीत मारली. तो रातोरात भोसरीला निघून गेला. गोठे उन्हात तळत होते, त्या वैशाखात डेअरीला कुलूप लागलं.

सर परतले आणि थेट गावात गेले. मी बरोबर होतो. तेव्हा मी त्यांच्याच विभागात शिकवायला लागलो होतो. ॲल्युमिनियमचे कॅन ओट्यावर पालथे पडले होते. आत फॅटच्या यंत्रावर धूळ होती आणि शेजारी काचेच्या पेल्यात ती पिपेट उभी होती. सरांनी ती उचलली, उजेडात धरली आणि मटकन खाली बसले. मग त्यांनी तात्यांकडून पासबुक मागवलं. ते तात्यांच्या ट्रंकेत, कापडात गुंडाळून ठेवलेलं होतं. कुणी उघडून पाहिलंच नव्हतं. संस्थेच्या खात्यात नऊ हजारांच्या वर रुपये जादा पडून होते. मधलं अर्धं कुणीच खाल्लं नव्हतं. गावाचा पैसा गावाच्याच नावावर होता आणि तो वाचणारा एकच माणूस साता समुद्रापार बसला होता.

आक्का आल्या. त्यांनी रागाचा शब्द काढला नाही. एवढंच म्हणाल्या, "सर, डेअरी तुम्ही चालवत होता. आम्ही नुसतं दूध घालत होतो."

परतीच्या एसटीत सर एक अक्षर बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मला ग्रंथालयात बोलावलं. समोर धनंजयराव गाडगीळांची पुस्तकं आणि प्रवरानगरच्या साखर कारखान्याची माहिती मांडलेली होती. गाडगीळ हे सरांचं दैवत. १९०१ साली नाशिकला जन्मलेला, केंब्रिजला शिकलेला हा माणूस १९३० मध्ये पुण्याच्या गोखले संस्थेचा पहिला संचालक झाला. गोदावरी आणि प्रवरा कालव्यांनी लोकांचं नेमकं काय भलं झालं, हे त्यांनी गावोगाव पाहणी करून मोजलं आणि १९४८ साली छापलं. देशभरच्या ग्रामीण पतपाहणीच्या समितीतही ते होते. शेतकऱ्याच्या कर्जात सहकारी संस्थांचा वाटा जेमतेम तीन टक्के आहे, हे त्या पाहणीनं १९५४ साली सांगितलं. तो आकडा सर आम्हाला दरवर्षी फळ्यावर लिहून दाखवत.

"मी हे सगळं तीस वेळा शिकवलं असेल," सर म्हणाले. "पण आज पहिल्यांदा तारखा नीट पाहिल्या."

लोणीचे विठ्ठलराव विखे पाटील यांचं शालेय शिक्षण थोडं. पण १९२३ सालीच त्यांनी गावात पतपेढी काढली होती. ऊस पिकवायचा आपण, गुळाचा भाव पडला की मरायचं आपण आणि साखरेचा नफा मात्र कंपन्यांचा, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. १९४५ साली बागाईतदारांच्या परिषदेला अध्यक्ष म्हणून गाडगीळ आले, आणि शेतकऱ्यांच्या मालकीचा कारखाना ही गोष्ट पुढे सरकली. गावोगाव फिरून भाग भांडवल जमवलं विठ्ठलरावांनी. सरकारशी, कर्जाशी, कायद्याशी बोलायला गाडगीळ. वैकुंठभाई मेहतांसारखा मंत्री पाठीशी. १९५० च्या अखेरीला पहिला गळीत हंगाम सुरू झाला आणि पहिले चेअरमन झाले गाडगीळ. लोकांचा विश्वास त्यांच्यावर होता, बँकांचाही होता.

"पहिली सुमारे दहा वर्षं ते त्या खुर्चीत होते," सर म्हणाले. "मग तिथे विठ्ठलराव बसले. गाडगीळ पुढे कुलगुरू झाले, १९६७ साली नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले आणि १९७१ च्या मे महिन्यात दिल्लीहून पुण्याला परतताना गाडीतच गेले. कारखाना त्यांच्यावाचून एक दिवस थांबला नाही. मी मुलांना त्यांचं कारखान्यात येणं शिकवत राहिलो. त्यांचं बाजूला होणं एकदाही शिकवलं नाही."

मला इथे माझं मत सांगितलं पाहिजे. ग्रामीण विकासाच्या आमच्या अभ्यासक्रमांत गावात प्रवेश कसा करावा यावर प्रकरणंच्या प्रकरणं आहेत. विश्वास कसा मिळवावा, सभा कशी घ्यावी, प्रस्ताव कसा लिहावा. निघायचं कसं, यावर पानभरही मजकूर मी पाहिलेला नाही. प्रत्येक प्रकल्पाच्या अहवालात 'लोकसहभाग' हा शब्द असतो, आणि तो अहवाल लोकांना वाचता येत नाही अशा भाषेत असतो. हे मला लाजिरवाणं वाटतं, आणि त्या लाजेत मीही सामील आहे.

डेअरी पुन्हा सुरू व्हायला चौदा महिने लागले. त्यासाठी सर आधी गावात न जाता भोसरीला गेले. त्या पोराच्या खोलीवर जाऊन त्यांनी हात जोडले, "चूक माझी होती, मार तुला बसला." तो परत यायला तयार नव्हता. तात्या स्वतः गेले तेव्हा आला, आणि ग्रामसभेत ज्यानं हात उचलला होता त्यानंच त्याला नारळ दिला.

या वेळी सरांनी खतावणीला हात लावला नाही. आक्कांची सून बारावीला बसली होती. ती आणि तो पोरगा, दोघांनी हिशोब शिकायचा. कुठलंही काम एकट्याच्या हाती ठेवायचं नाही, हा ठराव गावानं केला. फॅटचा तक्ता मराठीत लिहून भिंतीवर लावला. पगाराच्या दिवशी देवळाच्या सभामंडपात फळा आणायचा आणि त्यावर दोन आकडे शेजारी-शेजारी लिहायचे. एक संघाच्या फॅटचा, दुसरा गावाच्या. फरक दिसला तर तिथंच विचारायचं. पावणेअकरा का, हे त्या सुनेनं पहिल्याच दिवशी विचारलं. सरांनी तिला नळी हातात देऊन सगळं समजावलं आणि म्हणाले, "आता हे तू बाकीच्यांना सांग. मी ऐकतो." ते मागे, खांबाला टेकून बसले.

सर्वांत कठीण गेलं ते गप्प बसणं. दुसऱ्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर संचालकांनी स्वस्तात मिळते म्हणून सरकी पेंडीचा अख्खा ट्रक घेतला. गोदाम जमिनीलगतचं, ओल धरणारं. सरांना दिसत होतं काय होणार ते. त्यांनी सभेत एकदाच विचारलं, "ठेवणार कुठं?" संचालक म्हणाले, "बघू की." सर पुढे बोलले नाहीत. भादव्यापर्यंत पंचवीस पोत्यांना बुरशी आली. त्या दिवशी एसटीत ते मला म्हणाले, "आज माझी जीभ चावून रक्त यायचं राहिलंय." पुढल्या उन्हाळ्यात गावानं फळ्यांचा उंच ओटा केला आणि निम्माच माल घेतला. ओट्याची कल्पना एका संचालकाच्या म्हाताऱ्या बापाची होती.

रविवार महिन्यातून दोन झाले, मग एक, मग दिवाळीपुरता एक. दुसऱ्या डावावर सरांनी लेख लिहिला नाही. मी खूप आग्रह केला. "लिहिलं की ते माझं होतं," म्हणाले. प्राध्यापकपदाच्या मुलाखतीत त्यांना विचारलं गेलं, गेल्या सहा वर्षांत तुम्ही काय प्रसिद्ध केलंत? ते पद त्यांना मिळालं नाही. याचं मला आजही वाईट वाटतं.

ते निवृत्त झाले तेव्हा कॉलेजनं सत्कार ठेवला. संध्याकाळी साडेपाचची वेळ होती. निमंत्रण द्यायला मी स्वतः पठारावर गेलो होतो. तात्या राहिले नव्हते. आक्कांची सून आता संस्थेची सचिव होती. तिनं पत्रिका डोक्याला लावली. समारंभात पुढच्या रांगेत गावासाठी दहा खुर्च्या राखून ठेवल्या होत्या. सहा वाजले, साडेसहा वाजले, खुर्च्या रिकाम्याच. प्राचार्य माझ्याकडे पाहत होते. मला सरांच्या तोंडाकडे बघवेना. भाषणाला उभे राहिले तेव्हा सरांनी त्या खुर्च्यांकडे पाहिलं, मग घड्याळाकडे, आणि त्यांचा चेहरा उजळला. माइकवरून त्यांनी मलाच विचारलं, "अरे, साडेपाचची वेळ कुणी ठेवली? ही तर दूध घालायची वेळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी पगार होता. मी मुद्दाम गावात गेलो. सभामंडपातल्या फळ्यावर आदल्या संध्याकाळची नोंद खडूनं लिहिलेली होती : दूध ६४० लिटर, गावची फॅट साडेसहा, संघाची फॅट साडेसहा.