टिटवीच्या चोचीतला मासा

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दत्तजयंतीचं पारायण संपलं, आरती झाली, की आपण ज्येष्ठ मंडळी मंडपात टेकतो आणि गप्पांचा विषय ठरलेला असतो. ‘हल्लीची पोरं ऐकत नाहीत. जरा काही झालं की हातघाईवर येतात.’ गेल्या वर्षापर्यंत मीही हेच म्हणत होतो.

गेल्या मार्गशीर्षात आमच्या उंबरमाळीत माझा नातू आणि माझ्या धाकट्या भावाचा नातू क्रिकेटवरून भांडले. दोघेही नववीतले. आऊट की नॉट आऊट, एवढंच निमित्त. मग मोबाईलवरच्या ग्रुपमध्ये एकाने दुसऱ्याला काहीबाही लिहिलं, बाकीच्यांनी हसून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी शर्ट फाटला. मी दोघांना देवळाच्या पायरीवर बसवलं आणि म्हणालो, "माफी मागा एकमेकांची. भाऊ आहात ना?" माझ्या नातवाने खाली बघत विचारलं, "आजोबा, तुम्ही आणि धाकटे आजोबा पण भाऊच ना? मग नऊ वर्षं बोलत का नाही?"

उभी नोकरी बँकेच्या काउंटरवर गेली. तऱ्हेतऱ्हेच्या माणसांना उत्तरं दिली. त्या दिवशी मात्र तोंडून शब्द निघेना. आमचं भांडण भातखाचराच्या बांधाचं. बांध हातभर सरकला, असं माझं म्हणणं. सरकला नाही, असं त्याचं.

त्या रात्री एकादश स्कंध उघडला. यदुराजाला अवधूत भेटतो, तो प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आजवर आली नव्हती. भागवतात तो अवधूत वयाने तरुण आहे. यदू राजा, तरी त्याने नम्रपणे त्या तरुणाला त्याच्या आनंदाचं कारण विचारलं. म्हणूनच त्याला चोवीस गुरूंची कथा ऐकायला मिळाली. लहानाच्या तोंडून आलेलं खरं मोठ्याने ऐकून घ्यावं, हा त्या कथेचा पहिलाच धडा.

त्या चोवीस गुरूंत एक कुरर पक्षी आहे. आपल्याकडे कुणी त्याला टिटवी म्हणतात. पोथीत त्याच्या चोचीत मांसाचा तुकडा आहे, आपल्या सांगण्यात मासा. तो पाहून बळकट पक्षी तिच्यामागे लागले, चोची मारू लागले. टिटवीने मासा टाकला. लगेच सगळे माशामागे गेले आणि ती फांदीवर शांत बसली. पक्ष्यांचं वैर टिटवीशी नव्हतंच, ते माशाशी होतं.

नातवंडांना ‘भांडू नका’ एवढं सांगून भागत नाही. भांड्याला भांडं लागणारच. त्यांना प्रश्न विचारायला शिकवावं: ‘माझ्या चोचीत काय आहे?’ नातवाला मी तो विचारला. बराच वेळ गप्प राहून म्हणाला, "आऊटचं काही नाही, आजोबा. सगळे हसले, ते लागलं." मग मी तोच प्रश्न स्वतःला विचारला. हातभर जमीन? छे! धाकट्याने सगळ्यांदेखत उलट उत्तर दिलं, तो मासा मी नऊ वर्षं धरून बसलो होतो.

मुलांना शिकवायच्या गोष्टी सोप्या आहेत. राग डोक्यात असताना मोबाईलला हात लावू नये. बोलायचं ते समोरासमोर, चारचौघांत नाही. ‘तू नेहमीच असा’ म्हणण्यापेक्षा ‘मला अमुक गोष्ट लागली’ असं म्हणावं. समोरच्याचं पुरतं ऐकावं, आणि आपल्याला काय समजलं ते त्याला सांगून बघावं. निम्मी भांडणं तिथेच विरतात. आणि आधी आपली वही तपासावी. बँकेत संध्याकाळी रोकड जुळली नाही की आम्ही व्हाउचर पुन्हा चाळायचो. आधी शेजारच्याकडे संशयाने बघायचो. चूक पुष्कळदा आपल्याच आकड्यात निघायची.

पण इथे एक सांभाळावं. प्रत्येक गोष्ट मासा नसते. कुणी मारतो, पैसे मागतो, मुलीला त्रास देतो, तिथे ‘सोडून दे’ म्हणणं हा धर्म नव्हे. ते मुलांनी घरी, शाळेत सांगावं. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक त्यांना पाठ असावा. अहंकार टाकायचा, न्याय टाकायचा नाही. हा फरक पोरांना कळला तर पारायणाचं फळ मिळालं म्हणायचं.

दोघांनाच सुटलं नाही, तर दोघांचा विश्वास असलेला तिसरा मध्ये घ्यावा. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली, ती याच विचाराने. गावचा तंटा गावातच सामोपचाराने मिटावा. तिथेही समिती बसवते समोरासमोर; हात मात्र आपणच पुढे करायचा असतो.

दत्तमूर्तीकडे पाहा. तीन मुखं तीन दिशांना बघतात, धड एकच. घरात मतं तीन असोत, धड एक राहिलं पाहिजे.

जयंतीच्या दुसऱ्या दिवशी सुंठवड्याची पुडी घेऊन मी धाकट्याच्या ओट्यावर गेलो. पाय जड झाले होते. म्हणालो, "बांधाचं मोजणीत ठरू दे. रागाचं मी आज संपवतो. त्या दिवशी मीही नको ते बोललो." तो काही वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "बस, दादा. चहा टाकायला सांगतो." अंगणात दोन्ही नातवंडं उभी होती. त्यांना मी वेगळं काही शिकवलं नाही. संध्याकाळी दोघं एकाच बॅटने खेळत होते.

पुढे दोघांनी मिळून मोजणीचा अर्ज केला, मोजणी झाली. बांध कुणाच्या बाजूने निघाला, ते इथे लिहीत नाही. लिहिलं तर मासा पुन्हा चोचीत येईल.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥