परक्या कानांचे ऋण

आपल्या भाषेचे मोल परक्याच्या तोंडून कळावे, यात लाज मानावी की कृतज्ञता? पांढुर्णा-सौंसरकडच्या मराठी माणसाला हा प्रश्न इतरांहून अधिक टोचतो. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि आमचा मुलूख मध्य प्रदेशातच राहिला. घरात मराठी आणि कचेरीत हिंदी, हा व्यवहार अंगवळणी पडला. 2023 साली या दोन तहसिलांचा मिळून पांढुर्णा जिल्हा झाला. पण भाषेचा प्रश्न जिल्ह्याच्या नकाशाने सुटत नसतो.

अशा वेळी काही फ्रेंच भाषक आठवतात. झ्यूल ब्लॉक यांचा मराठीच्या घडणीवरील ग्रंथ 1920 साली पॅरिसला प्रसिद्ध झाला. पुढे वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. जेझुइट पंथाचे गी देलरी यांनी 1956 साली तुकोबांचे अभंग फ्रेंचमध्ये नेले आणि विठ्ठलसंप्रदायावरचा त्यांचा ग्रंथ 1960 साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापला. शार्लोत वोदव्हिल यांनी 1969 साली ज्ञानदेवांचा हरिपाठ फ्रेंच वाचकांपुढे ठेवला. गी पॉइतवाँ तर इथेच राहिले, इथलेच झाले. हेमा राईरकर यांच्या साथीने त्यांनी महाराष्ट्रातल्या खेडोपाडी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या.

ही नावे उच्चारताना मान ताठ होते, आणि नेमका तिथेच धोका आहे. ‘पॅरिसच्या पंडितानेही मराठीचा अभ्यास केला’ असे म्हणणारा मनुष्य नकळत कबूल करीत असतो की पॅरिसच्या शिक्क्यावाचून त्याचे नाणे चालत नाही. हा अभिमान म्हणजे न्यूनगंडाचेच दुसरे रूप होय. ज्ञानदेव-तुकोबांना थोरपणासाठी फ्रेंच भाषेची वाट पाहावी लागली नव्हती.

मग ऋण कशाचे? आमच्या मते ते कौतुकाचे नव्हे, कष्टाचे आहे. कौतुक दुरूनही करता येते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या काठी गोटमार होते, तेव्हा बाहेरचे जग पांढुर्ण्याकडे वळून पाहते आणि दुसऱ्या दिवशी विसरते. ते पाहणे असते, ऐकणे नव्हे. ऐकण्यासाठी आधी भाषा शिकावी लागते, शिकताना चुकावे लागते, आणि ज्या बाईला कोणी कधी काही विचारले नाही तिच्यासमोर विद्यार्थी होऊन बसावे लागते.

येथे कोणी आक्षेप घेईल की परका अभ्यासक शेवटी आपल्याला नमुनाच समजतो. आक्षेप अगदीच पोकळ नाही. फुलपाखरू टाचणीने टोचून ठेवावे तसे गाणेही टोचून ठेवता येते. परंतु पॉइतवाँ-राईरकरांच्या संग्रहात ओवीसोबत गाणारीचे नाव आणि गाव नोंदलेले आहे. ज्या क्षणी नाव लिहिले जाते, त्या क्षणी नमुन्याची व्यक्ती होते. नैतिक भेद परका-आपला असा नसून, नाव विचारणारा आणि न विचारणारा असा आहे.

या कसोटीवर आपलेपण मात्र आपोआप उतरत नाही. ‘काळा’ला ‘काया’ म्हणणाऱ्या पोराची बोली पुण्यामुंबईकडे हसण्यावारी नेली जाते आणि हिंदी शाळेत ती कुणाच्या खिजगणतीत नसते. हसणाराही मराठीच असतो. रक्ताने जवळ असलेला कान बहिरा असू शकतो आणि सातासमुद्रापलीकडचा कान उघडा. जवळीक हा गुण नव्हे, ती केवळ सोय आहे.

म्हणून पहिल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे: लाज नको, आणि नुसती कृतज्ञताही नको. कष्टाचे ऋण कष्टानेच फिटते. पिठाची गिरणी आली आणि जाते अडगळीत पडले. पण दळताना ओव्या म्हटलेल्या म्हाताऱ्या संत्र्याच्या बागांमधल्या आमच्या गावांत अजून आहेत. त्यांच्याकडे जायला पारपत्र लागत नाही, नवी भाषा शिकावी लागत नाही. लागते ती वही, थोडा वेळ, आणि ‘बाई, तुमचं नाव काय?’ हे विचारण्याइतकी नम्रता. एवढे आपल्याच्याने होत नसेल, तर मराठीवरच्या अन्यायाची तक्रार करण्याचा आपला अधिकार फारसा उरत नाही.