वाल्याच्या पत्नीचे उत्तर

पतीच्या हातून घडलेल्या दुष्कृत्याचा भार पत्नीने किती वाहावा, हा प्रश्न आमच्या समाजात कोणी उघडपणे विचारीत नाही. उत्तर मात्र नित्य दिले जाते. उत्सवात ज्या बाईला दरवर्षी मानाने पुढे बोलावीत, तिला त्या वर्षी हाक येत नाही. हळदीकुंकवाच्या घरी चाललेले बोलणे ती उंबरठ्यात दिसताच थांबते. अपहार केला तो नवऱ्याने, वर्तमानपत्रात नाव आले तेही नवऱ्याचे. परंतु तो कोर्टाच्या तारखांना जातो आणि ती देवळात जाते, म्हणून समाजाचा निवाडा आधी तिच्याच पदरी पडतो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी आम्ही एक परदेशी कथा घेतो. अमेरिकेत २००९ ते २०१६ या काळात ‘द गुड वाइफ’ नावाची दूरदर्शन-मालिका चालली. रॉबर्ट आणि मिशेल किंग या दांपत्याने ती रचली. २०२३ साली ‘द ट्रायल’ या नावाने तिचे हिंदी रूपांतर झाले व त्यात काजोल यांनी नायिकेची भूमिका केली. तेव्हा ही कथा आमच्या पुष्कळ वाचकांच्या कानावर असेल. आम्ही मूळ मालिकाच घेत आहोत, कारण तिचा शेवट आम्हांस विशेष विचारणीय वाटतो.

शिकागोचा मुख्य सरकारी वकील पीटर फ्लोरिक परस्त्रीगमन व भ्रष्टाचार यांच्या आरोपांत सापडतो, पद सोडतो व तुरुंगात जातो. पत्रकारांसमोर तो निवेदन करीत असता त्याची पत्नी अ‍ॅलिशिया त्याच्या शेजारी निश्चल उभी असते. दोघे आतल्या बोळात येतात आणि ती त्याच्या थोबाडीत मारते. कथेचा आरंभ तेथे आहे. अमेरिकेतील वाचकांना हे दृश्य परिचयाचे होते. २००८ सालच्या मार्चमध्ये न्यूयॉर्कचे गव्हर्नर एलियट स्पिट्झर वेश्यागमनाच्या प्रकरणात पायउतार झाले, तेव्हा त्यांच्या शेजारीही त्यांची पत्नी अशीच उभी होती, आणि तीही कायद्याची पदवीधर होती.

अ‍ॅलिशियाने वकिली सोडून तेरा वर्षे झालेली असतात. आता घर चालवावयाचे, दोन मुलांना सांभाळावयाचे, म्हणून ती एका वकिली कचेरीत अगदी खालच्या जागेवर रुजू होते. तिच्याबरोबरीचा उमेदवार तिच्याहून कितीतरी तरुण. मोठे घर गेलेले, शेजार बदललेला, मुलांकडे पाहावयास सासू, आणि त्या सासूच्या लेखी मुलगा निर्दोषच. जेथे जावे तेथे ओळख एकच: ‘त्या’ माणसाची बायको. अशा स्थितीत ती काम शिकते, खटले जिंकते, मुलांचा विश्वास राखते. हा भाग मालिकेत विस्ताराने आहे आणि तो पाहताना आदर वाटतो. परंतु नैतिक प्रश्न तेथे नाही. कष्टाने उभे राहणाऱ्या स्त्रिया आमच्या प्रत्येक गावात आहेत.

लोक तिला विचारतात, तुला ठाऊक होते का? आणि ठाऊक झाल्यावर तू त्याला सोडले का नाहीस? कायदा या बाबतीत समाजाहून अधिक सभ्य आहे, असे आम्हांस म्हणावेसे वाटते. आमच्या १८७२ च्या पुरावा कायद्याने विवाहकालात पतिपत्नींमध्ये झालेले बोलणे उघड करण्याची सक्ती, काही अपवाद सोडता, दोघांपैकी कोणावरही केली नव्हती. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या साक्ष अधिनियमानेही तेच तत्त्व राखले. न्यायाधीशाला जे विचारता येत नाही, ते शेजारणीने विचारू नये एवढी मर्यादा तरी पाळली जावी.

आमची परंपराही पत्नीला या बाबतीत दोषी धरीत नाही. चाणक्याच्या नावावर प्रसिद्ध असलेल्या नीतिसंग्रहात कोणाचे पाप कोणाकडे जाते याची एक परंपरा सांगितली आहे: प्रजेचे राजाकडे, राजाचे पुरोहिताकडे, शिष्याचे गुरूकडे, आणि पत्नीचे पतीकडे. पतीचे पाप पत्नीकडे जाते असे त्यात म्हटलेले नाही. पापाचा ओघ अधिकार ज्याच्या हाती त्याच्याकडे जातो, हे त्यातील मर्म. अर्धांगी हा शब्द पुण्याच्या वाटणीसाठी उच्चारला जातो. पापाच्या वाटणीसाठी तो पुढे करणारे शास्त्राचा नव्हे, रूढीचा आधार घेतात.

आणि वाल्या कोळ्याची कथा तर कीर्तनातून आम्ही सर्वांनी ऐकलेली आहे. नारदाच्या सांगण्यावरून तो घरी जातो व विचारतो, माझ्या पापात तुम्ही वाटेकरी व्हाल काय? बायको स्पष्ट म्हणते, नाही. आम्हांस पोसणे हे तुमचे कर्तव्य, ते कसे करावे हे तुमचे तुम्ही पाहा. कीर्तनकार येथे थांबतो, कारण त्याला वाल्याचा वाल्मीकी करावयाचा असतो. ती बाई मागे राहते. परंतु रांजणात खडे भरत होते तेव्हा त्याच घरात चूलही पेटत होती. पाप तिचे नव्हे, हे खरे. अन्न मात्र तिने खाल्ले होते.

आमच्या मते विचार करण्यासारखा प्रश्न येथे आहे. दोष वाटला जात नाही. लाभ वाटला जातो. गोव्यात १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेला कौटुंबिक कायदा आजही चालतो, आणि विवाहापूर्वी वेगळा करार केला नसेल तर पतिपत्नींच्या मालमत्तेत दोघांचा निम्मा-निम्मा हक्क मानला जातो. बेळगाव वा इंदूरच्या आमच्या वाचक-भगिनींस हेवा वाटावा असाच हा हक्क आहे. पण जे निम्मे आपले म्हणावयाचे, ते कोठून आले हे विचारण्याचा अधिकारही त्या निम्म्यातच येतो. हा अधिकार फार थोड्या स्त्रियांना वापरू दिला जातो. आणि ज्यांना वापरता येतो त्याही तो सहसा वापरीत नाहीत.

अ‍ॅलिशियाचीही परीक्षा येथेच होते. वर्षअखेर कचेरीत दोघांपैकी एकालाच ठेवावयाचे ठरते. तेव्हा ती पतीच्या निवडणूक-सल्लागाराला कचेरीचे अशील म्हणून आणते, आणि तिची जागा राहते. तो तरुण बाहेर पडतो. तिने खोटे केले नाही, कोणाला फसविलेही नाही. शिवाय पतीच्या त्या नावात तिची स्वतःची तेरा वर्षे गेलेली होती. तिने आपला व्यवसाय सोडून घर सांभाळले म्हणून त्याला पदे मिळविता आली. त्या नावाचा थोडा उपयोग तिने करून घेतला, तर तो परक्याचा ऐवज म्हणता येणार नाही. आम्ही तिला येथे दोष देत नाही. तथापि या दिवसापासून ‘त्याचे ते त्याचे’ असे म्हणण्याची मोकळीक तिला पूर्वीसारखी उरली नाही, हेही खरे.

पुढे पीटर सुटतो, पुन्हा निवडून येतो, गव्हर्नर होतो. घटस्फोट होत नाही. विवाह उपयोगी असतो, दोघांनाही. सात वर्षांनी तो पुन्हा एका खटल्यात सापडतो. या वेळी अ‍ॅलिशिया नामांकित वकील असते, आणि त्याच्या बचावात स्वतः गुंतलेली. बंदुकीच्या गोळ्यांचा तज्ज्ञ म्हणून जो साक्षीदार येतो, तो तिच्या ज्येष्ठ सहकारी डायनचा पती. त्याची साक्ष पीटरला घातक ठरू लागते. ती खोडून काढण्यासाठी त्याच्या परस्त्रीसंबंधाचा प्रश्न भर न्यायालयात उपस्थित केला जातो, तो अ‍ॅलिशियाच्या सांगण्यावरून. डायन तेथेच बसलेली असते. ती उठून बाहेर जाते.

पतीच्या दुष्कृत्यासाठी चारचौघांत उभे केले जाणे म्हणजे काय, हे त्या न्यायालयात अ‍ॅलिशियाइतके कोणालाही ठाऊक नव्हते. पीटर पद सोडतो. पुन्हा पत्रकार जमतात, पुन्हा ती त्याच्या शेजारी उभी राहते. मग ती आतल्या बोळात येते, आणि तेथे डायन तिच्या थोबाडीत मारते. अ‍ॅलिशिया काही बोलत नाही. डोळे पुसते, अंगावरचा कोट नीट करते आणि चालू लागते.