झोपेच्या नावे

बुद्धिबळाच्या स्पर्धेत हरलेला माणूस बुद्धीमुळे कधीच हरत नाही. डास, ढेकूण, शेजाऱ्याचे घोरणे किंवा रात्रभरची एस.टी. यांपैकी कोणीतरी त्याला हरवलेले असते. आमच्या आंतरबँक स्पर्धांत मी वर्षानुवर्षे हेच ऐकत आलो आहे. पण जिंकलेला एकही गडी, "काल झोप छान लागली हो, म्हणून जमलं," असे म्हणाल्याचे मला आठवत नाही. पराभव झोपेच्या नावे आणि विजय बुद्धीच्या खाती जमा! अशी कीर्द कुठलाही ऑडिटर पास करणार नाही.

आता, झोपेचा काही संबंधच नाही म्हणणाराही अडाणीच. बुद्धिबळ बसून खेळतात, म्हणून ते आरामाचे काम असा आमच्या हिचा समज आहे. पण चार-पाच तास पुढच्या खेळ्या डोक्यात धरून ठेवायच्या असतात, आणि जागरणाने ही धरून ठेवण्याची ताकदच आधी ढिली पडते. शिवाय लांबच्या विमानप्रवासानंतर शरीरातले घड्याळ दिवसाला साधारण तासभरच सरकते. पटाशेजारचे घड्याळ काही त्याच्यासाठी थांबत नाही.

मग हे कारण खरे असेल, तर सांगावे की नाही?

२०१० साली विश्वनाथन आनंदला टोपालोवशी जगज्जेतेपदाचा सामना खेळायला सोफियाला जायचे होते. आइसलंडमधल्या ज्वालामुखीच्या राखेने विमाने बंद पाडली आणि गडी फ्रँकफुर्टला अडकला. तिथून सुमारे ४० तास मोटारीने प्रवास करून तो बल्गेरियात पोचला. सामना तीन दिवस पुढे ढकला, अशी त्याची विनंती. संयोजकांनी दिला एक दिवस. पहिल्याच डावात तयारीतल्या खेळ्यांची गल्लत झाली, तेविसाव्या खेळीला राजा भलत्या घरात गेला आणि डाव गेला. दुसरा डाव मात्र त्याने जिंकला आणि शेवटी सामनाही, साडेसहा विरुद्ध साडेपाच गुणांनी.

यात मला पटलेली गोष्ट अशी, की थकव्याचा अर्ज सामन्याआधी आला होता. रजेचा अर्ज आधी दिला तर ती रजा. नंतर दिला तर ती सबब. आणि आधी आलेल्या अर्जावर किती उदार व्हायचे, ही परीक्षा दमलेल्याची नसते, झोपून आलेल्याची असते.

डाव संपल्यावर झोपेची नोंद करायचीच असेल, तर ती जिंकलेल्याने करावी. समोरचा नीट झोपून आला असता तर काय झाले असते, एवढे तरी त्याने रात्री अंथरुणावर स्वतःला विचारावे. अर्थात या प्रश्नाने त्याची झोप उडेल आणि दुसऱ्या दिवशी तो हरेल.

पण निदान त्याची सबब तरी खरी असेल!